दहावीचं हॉलतिकीट घेऊन जा

पत्र: "नमस्कार मॅडम. माझं वय २२. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत नोकरी करते. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली म्हणून स्टुडिओत फोटो काढायला गेले, तर फोटोग्राफर सारखा म्हणत होता, 'मान जरा सरळ करा.' मान सरळच होती. फोटो हातात आल्यावर कळलं, हनुवटी डावीकडे गेली आहे. तेव्हापासून आरशात दुसरं काही दिसतच नाही. जेवताना डावीकडच्या दाढा नीट बसत नाहीत, खालच्या दाढा वरच्यांच्या बाहेर जातात, गाल चावला जातो. म्हणून मी उजवीकडूनच चावते. मावशी म्हणते, एकाच बाजूने चावतेस म्हणून तोंड वाकडं झालं. सहा वर्षांची असताना शाळेच्या घसरगुंडीवरून पडून हनुवटीला चार टाके पडले होते, आईला वाटतं ते कारण असेल. पण दहावीच्या हॉलतिकिटावर तर मी सरळ दिसते. शहरातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये दाखवलं. ते म्हणाले, फिलरची दोन इंजेक्शनं देऊ, अर्ध्या तासात चेहरा सारखा. पुढच्या महिन्यातली तारीख दिली आहे. एका दंतवैद्यांनी तारा लावू म्हटलं. कुणाचं ऐकू? लग्नाआधी हे बरं होईल का?"

मी तुझ्या आईच्या वयाची, म्हणून तू म्हणते. चालेल ना?

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेली आहेस: दहावीच्या फोटोत तू सरळ दिसतेस. माझ्याकडे वाकड्या चेहऱ्याची तक्रार घेऊन कुणी आलं की तोंडात आरसा घालण्याआधी मी जुने फोटो मागते. लोक बिचकतात. दातांच्या डॉक्टरीणबाईंना बारशाचा अल्बम कशाला हवा? पण चेहरा किती वाकडा आहे हे समोर बसलेल्या माणसाकडे बघून कळतं. कधीपासून वाकडा आहे आणि अजून सरकतो आहे का, हे फोटोच सांगतात. तुला फिलर, म्हणजे त्वचेखाली भरायचं जेलसारखं औषध, द्यायचं, तारा लावायच्या, ऑपरेशन करायचं की नुसतं सहा महिने थांबायचं, हे सगळं त्या 'सरकतो आहे का'वर ठरणार आहे. फिलरवाल्यांनी तुला हा प्रश्न विचारलेला दिसत नाही.

आधी तुझी शंका खरी आहे का ते बघू. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला चेहरा मी अजून पाहिलेला नाही. एक भुवई जरा वर, एक गाल जरा भरलेला, हे सगळ्यांचं असतं. हनुवटी मधल्या रेषेपासून तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असली तर समोरच्या माणसाच्या ती सहसा लक्षातही येत नाही. आपल्या मात्र येते, आणि त्याला मोबाइलचाही हातभार आहे. आरशात आपण स्वतःला उलटे बघत आलेलो असतो, डावं उजवीकडे. फोटोत ते सुलट होतं आणि ओळखीचा चेहरा एकदम परका वाटतो. त्यात सेल्फी हातभर अंतरावरून काढायची. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणित मांडलं होतं: एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या मानाने, सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याच्या जवळ असलेलं सगळंच फुगतं. मान किंचित वळली की एक जबडाही फुगतो.

तुझं प्रकरण मात्र सेल्फीचं नाही. तुझा फोटो स्टुडिओत, लांबून काढलेला आहे आणि दाढांनी साक्ष दिली आहे. खालच्या दाढा वरच्यांच्या बाहेर जाणं हे कॅमेऱ्याचं काम नव्हे.

आता घरी करायच्या चार गोष्टी सांगते. रविवारी दुपारी बस आणि करून टाक.

गवंडी भिंत सरळ आली का बघायला ओळंबा सोडतो, तसा एक काळा दोरा घे, खाली किल्ली बांध आणि कपाळाच्या मध्यावर दोऱ्याचं वरचं टोक धर. केस मागे बांधलेले, दोन्ही कान दिसताहेत, ओठ सैल. भावाला किंवा मैत्रिणीला पाच फुटांवरून, तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल धरून फोटो काढायला सांग. दोरा नाकाच्या शेंड्यावरून, वरच्या ओठाच्या मधल्या खळीवरून आणि हनुवटीच्या मध्यावरून जातो की नाही ते बघ. नाकापर्यंत बरोबर आणि हनुवटीला चुकला, तर दोष खालच्या जबड्याचा. बहुतेकांचं असंच निघतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जबड्याच्या व्यंगासाठी आलेल्या रुग्णांची पाहणी १९९७ साली छापून आली होती. त्यांतल्या ३४ टक्के लोकांचा चेहरा असमान होता, आणि अशा असमान चेहऱ्यांपैकी ७४ टक्क्यांत हनुवटी सरकलेली होती. चेहऱ्याचा वरचा भाग बिघडलेले जेमतेम ५ टक्के.

दुसरं, आइस्क्रीमची चपटी लाकडी काडी. ती आडवी धरून दोन्ही बाजूंच्या सुळ्यांच्या मागे, दातांत पकड आणि आरशात बघ. काडी डोळ्यांच्या रेषेला समांतर आहे की एका बाजूला कललेली? कललेली असेल तर खालच्या जबड्यामागोमाग वरचा जबडाही त्या बाजूला उतरला, आणि काम वाढलं.

तिसरं, तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का पाहा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं मावायला हवीत. चौथं, आरशासमोर तोंड हळूहळू उघडत जा आणि हनुवटीवर नजर ठेव. ती आहे तिथून सरळ खाली जाते, की उघडताना आणखी डावीकडे पळते?

हे का करायला सांगितलं, तर तुझ्या बाबतीत संशयित तीन आहेत. तिघंही हनुवटी डावीकडेच नेतात.

पहिला तुझ्या आईचा, डावीकडचा. हनुवटीवर पडलं की मार तिथेच थांबत नाही. जबडा हे नालाच्या आकाराचं हाड. त्याची दोन्ही टोकं कानांच्या पुढे सांध्यात बसलेली असतात. तर्जनी कानासमोर ठेवून तोंड उघड-मीट कर, बोटाखाली सरकतं ना, ते टोक. त्याला कॉन्डाइल म्हणतात. हनुवटीवरचा दणका थेट तिथे पोचतो आणि लहान मुलाचं ते नाजूक टोक मोडू शकतं. त्या बाजूचा जबडा मग पुढे नीट वाढत नाही, दुसरी बाजू वाढत राहते आणि हनुवटी आखूड राहिलेल्या बाजूला ओढली जाते. गंमत अशी की आखूड बाजूचा गाल भरलेला, गुबगुबीत दिसतो आणि निरोगी बाजू ताणून चपटी होते. आईवडील 'या गालाचं काहीतरी करा' म्हणून बोट दाखवतात ते नेमकं चुकीच्या बाजूला.

पण हा प्रकार सहाव्या वर्षी झाला असता तर दहा-बाराव्या वर्षापर्यंत चेहरा वाकडा दिसायला लागला असता. सोळाव्या वर्षी हॉलतिकिटावर सरळ आणि बाविसाव्या वर्षी वाकडी, हे त्याच्यात बसत नाही. तीन बोटं जात असतील आणि उघडताना हनुवटी डावीकडे पळत नसेल, तर आईची घसरगुंडी जवळजवळ सुटली म्हणायची.

दुसरा संशयित उजवीकडचा. माझा जास्त संशय याच्यावर आहे. बाकीचं शरीर वाढायचं थांबलं तरी एखाद्याच्या एका बाजूचं कॉन्डाइल वाढतच राहतं. का, हे वैद्यकाला अजून नीट उलगडलेलं नाही. याला कॉन्डिलर हायपरप्लेजिया म्हणतात. दहा ते तीस या वयात दिसतो, मुलींमध्ये जास्त. उजवी बाजू लांबत जाते आणि हनुवटीला डावीकडे ढकलते, खालच्या पुढच्या दातांची मधली फट डावीकडे सरकते, डाव्या दाढा वरच्यांच्या बाहेर पडतात. तू लिहिलं आहेस तसंच. याचा एक भाऊबंद आहे, त्यात जबडा लांबण्याऐवजी त्याच बाजूला खाली वाढतो. हनुवटी फारशी सरकत नाही, पण ओठांची रेष आणि दातांची ओळ तिरपी होते. काडी त्याच्यासाठीच होती. ओब्वेगेसर आणि माकेक या शल्यविशारदांनी १९८६ मध्ये हे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. तिसरा त्यांच्या मिश्रणाचा.

तिसरा संशयित पुन्हा डावा, पण उलट रीतीने: उजवं वाढत नसून डावं झिजतं आहे. तरुण मुलींमध्ये कधी कधी जबड्याचं टोक विरघळल्यासारखं कमी होत जातं. संधिवातातही होतं. बहुतेकदा कानासमोर दुखतं, कटकट आवाज येतो, सकाळी जबडा आखडलेला असतो, पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात. तुझ्या पत्रात यातलं काही नाही. असेल आणि लिहायचं राहिलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांग, कारण त्याची औषधयोजनाच वेगळी.

आणि मावशी? एकाच बाजूने चावलं की त्या बाजूचा गालाचा स्नायू, मॅसेटर, थोडा भरतो हे खरं आहे. रात्री दात खाणाऱ्यांचा, सुपारी चघळणाऱ्यांचाही भरतो. पण बाविसाव्या वर्षी त्याने हाड सरकत नाही. तू उजवीकडून चावतेस कारण डावीकडे दाढा जुळत नाहीत. मावशींनी बैलाच्या पुढे गाडी जोडली आहे. एका कुशीवर झोपून चेहरा वाकडा होतो, जीभ टाळूला चिकटवून ठेवली की जबडा सरळ होतो, हे मोबाइलवरचे उपायही सोडून दे. मोठ्या माणसाचं हाड जिभेला दाद देत नाही.

आता जायचं कुणाकडे. वाकडे दात सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि जबड्याची ऑपरेशनं करणारे मॅक्सिलोफेशियल सर्जन, दोघांनी एकत्र बसून बघायला हवं. म्हणून मी दंत महाविद्यालय सुचवते, तिथे दोन्ही विभाग एका छताखाली असतात. मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय आणि नायर, तसंच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं. गोव्याकडच्या वाचकांना बांबोळीचं. खाजगीतही चांगले लोक आहेत, फक्त दोघं एकमेकांशी बोलतात ना, याची खात्री कर.

ते आधी ओपीजी काढतील, म्हणजे एकाच फिल्मवर पूर्ण जबडा. दोन्ही कॉन्डाइलांची लांबी आणि आकार शेजारी शेजारी दिसतो. उजवीकडचं टोक लांब पण आकाराने बरं असेल तर एक अर्थ, डावीकडचं झिजून बोथट झालं असेल तर दुसरा. क्वचित टोकावर हाडाची गाठ असते, तीही इथेच दिसते. पुढे त्रिमितीसाठी सीबीसीटी नावाचा स्कॅन, दातांचे साचे, समोरून आणि बाजूने फोटो. हे सगळं जपून ठेवतील आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच काढतील. तुला वाटेल डॉक्टर टाळाटाळ करताहेत. तसं नाही. दोन साचे एकमेकांशेजारी ठेवले की मधली फट सहा महिन्यांत किती सरकली ते मिलिमीटरमध्ये मोजता येतं. याच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही.

घाई असेल, किंवा मापांवरून उमगत नसेल, तर स्पेक्ट बोन स्कॅन सांगतात. तो न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होतो, मोठ्या शहरात. शिरेतून टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देतात, दोन-तीन तास बसवून ठेवतात, भरपूर पाणी प्यायला लावतात आणि मग यंत्र डोक्याभोवती फिरतं. हाड जिथे नव्याने बनतं आहे तिथे औषध जास्त शोषलं जातं. रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंचा वाटा टक्क्यांत येतो. निरोगी माणसात तो जवळपास निम्मा-निम्मा असतो. दोन बाजूंत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, म्हणजे समज ५६ आणि ४४, तर जास्त आकड्याची बाजू अजून वाढते आहे असा संशय घेतात. संशयच म्हणते, कारण सांध्याला सूज असली तरी आकडा चढतो. एकट्या स्कॅनवर कुणी ऑपरेशन ठरवत असेल तर दुसरं मत घे.

समजा निघालं की उजवी बाजू वाढते आहे. मग रस्ते दोन. एक, वाढ आपोआप थांबेपर्यंत वाट बघायची. बहुतेकांची विशीत कधीतरी थांबते. तोपर्यंत दर सहा महिन्यांनी माप. दुसरा, कॉन्डाइलच्या टोकाचा वरचा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा काढायचा. वाढीचा थर त्यातच असतो, तो गेला की वाढ थांबते. वाकडेपणा भराभर वाढत असेल तर सर्जन दुसरा रस्ता सुचवतात, कारण थांबून थांबून वरचा जबडाही तिरपा झाला तर पुढचं ऑपरेशन मोठं होतं.

वाढ थांबलेलीच असेल तर काम सोपं. सोपं म्हणजे वेळखाऊ, पण सरळ रस्त्याचं. आधी वर्ष-दीड वर्ष तारा. मग जबड्याचं ऑपरेशन. मग आणखी सहाएक महिने तारा. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, तोंडाच्या आतून करतात, बाहेर चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. जबड्याच्या मागच्या भागात हाड उभं, बिस्किटाचे दोन पदर सोडवावेत तसं विभागतात, पुढचा भाग सरळ रेषेत आणतात आणि टायटेनियमच्या छोट्या पट्ट्या नि स्क्रूंनी बसवतात. ही पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडली, आजही हीच चालते. लागलंच तर वरचा जबडा, आणि शेवटी नुसतं हनुवटीचं टोक सरळ करणं.

कठीण बाजूही सांगते, नंतर कळण्यापेक्षा आता कळू दे. दोन-चार दिवस दवाखान्यात. पहिला आठवडा चेहरा भोपळ्यासारखा, आई बघून रडणार. सूज पूर्ण उतरायला महिने लागतात. महिना-दीड महिना चावायचं नाही: पेज, वरणाचं पाणी, नाचणीची आंबील, मिक्सरमधून काढलेला गुरगुट्या भात. वजन उतरतं. खालच्या ओठाला आणि हनुवटीला बधिरपणा येतो, कारण तिथली नस नेमकी त्या हाडातूनच जाते. बहुतेकांचा काही महिन्यांत जातो, काहींना थोडा कायम राहतो. ओठ हलतो, नुसतं समजत नाही. चहा सांडला तरी कळत नाही, असं एक पेशंट मला सांगायची. अक्कलदाढा वाटेत असतील तर त्या सहाएक महिने आधी काढून घेतात.

आता त्या दंतवैद्यांच्या तारा. नुसत्या तारांनी दात हलतात, हनुवटी नाही. फरक थोडा असेल तर दात झुकवून चावा जुळवता येतो आणि पुष्कळांना तेवढं पुरतं. तुलाही पुरेल कदाचित. पण एक मेख आहे. ऑपरेशन न करता झाकायचं असेल तर दात ज्या बाजूला झुकवतात, ऑपरेशन करायचं असेल तर बरोबर त्याच्या उलट. म्हणजे आधी झाकायच्या तारा लावल्या आणि दोन वर्षांनी ऑपरेशन ठरलं, तर सगळं उसवून पुन्हा शिवायचं. तारा लावणाऱ्यांना पहिल्या भेटीतच विचार: या तारा ऑपरेशनच्या तयारीच्या आहेत की ऑपरेशन टाळण्याच्या? आणि वाढ थांबली आहे हे कशावरून ठरवलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बघू' असं आलं तर उठून ये.

फिलरला माझा सरसकट विरोध नाही. वाढ थांबलेली आहे, फरक बारीक आहे, ऑपरेशन नको आहे, अशा बाईने जाणत्या हातांकडून घेतलं तर वर्ष-दीड वर्ष चांगलं दिसतं, मग पुन्हा घ्यावं लागतं. क्वचित औषध रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा काळी पडते, अगदी विरळा डोळ्यावरही बेततं, तेव्हा 'अर्ध्या तासात' हा शब्द जरा जपून घ्यायचा. तुझ्या बाबतीत अडचण निराळी आहे. जबडा सरकत असताना तू आज गाल भरलास, तर पुढच्या दिवाळीत हनुवटी आणखी सरकलेली आणि भरलेला गाल तिथेच. शिवाय फिलर गेल्यावर सहा महिन्यांच्या फोटोंची तुलना खोटी पडते. जो एक पुरावा तुझ्या हातात आहे, तोच तू पैसे देऊन पुसणार.

लग्नाबद्दल. हे सगळं मुहूर्त धरून होत नाही. तपासण्यांना सहा महिने आणि उपचारांना दोनेक वर्षं धर. ज्यांना तू आहेस तशी आवडशील त्यांना 'माझे दातांचे उपचार चालू आहेत, पुढे जबड्याचं ऑपरेशन होईल' एवढं सांगायला काय हरकत आहे? तुझ्या पिढीतल्या कितीतरी मुलींच्या दातांवर तारा असतात. लपवाछपवी केलीस तर मात्र लग्नानंतर 'फसवलं' हा शब्द ऐकावा लागेल, आणि तो टाक्यांपेक्षा जास्त दुखतो. आणि घरात कुणी 'एवढ्याशा दिसण्यासाठी ऑपरेशन कशाला' म्हटलं, तर दाढा दाखव. नीट चावता न येणं हे दिसण्याचं दुखणं नाही. दिसण्यासाठीच करावंसं वाटलं तरी त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही.

जाता जाता तुझी घसरगुंडी घेऊन बाकीच्या वाचकांशी दोन शब्द बोलते, कारण तुझं सुटलं तसं सगळ्यांचं सुटत नाही. मूल हनुवटीवर पडतं. डॉक्टर टाके घालतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, घरी पाठवतात. कानासमोरच्या सांध्याकडे कुणी बघत नाही. तिथे आत रक्त साकळतं, मूल दुखतं म्हणून तोंड उघडत नाही, आणि काही मुलांत त्या रक्ताचं हळूहळू हाड बनून जबडा कवटीला जखडतो. याला अँकायलोसिस म्हणतात. माझ्याकडे एक दहा वर्षांचा मुलगा आला होता. चिंचेच्या झाडावरून पडलेला, चार वर्षांपूर्वी. दातांतून फक्त पातळ भाकरीचा पापुद्रा सरकवायचा. बोट नाही, चमचा नाही. हनुवटी आत गेलेली आणि एका बाजूला. रात्री इतका घोरायचा की आजी उठून बसायची. त्याचा सांधा मोकळा करून मध्ये कानशिलाच्या स्नायूचा पडदा बसवला, आणि मग खरं काम सुरू झालं: रोज तोंड उघडायचा व्यायाम. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत घालून रोज एकेक काडी वाढवायची. पोरगं रडायचं, आजी काड्या मोजायची. हाडाची लांबी नंतर यंत्राने वाढवतात, हाड कापून दोन भाग दिवसाला एकेक मिलिमीटर लांब करत न्यायचे आणि मधल्या फटीत नवं हाड भरत येतं. पायांच्या हाडांसाठीची ही युक्ती माणसाच्या जबड्यावर यशस्वी झाल्याचं १९९२ मध्ये छापून आलं. पण हनुवटीला टाके पडले त्याच आठवड्यात जबड्याचा एक्स-रे निघाला आणि तोंडाचे व्यायाम सुरू झाले, तर यातलं पुष्कळसं टळतं.

सात-आठ वर्षांचं मूल दात मिटताना जबडा एका बाजूला सरकवत असेल तर बहुधा टाळू अरुंद असतो. त्या वयात टाळू रुंद करणारी पट्टी बसवून काही महिन्यांत काम होतं. विशीत तेच काम ऑपरेशनवर जातं.

आणि काल सरळ असलेला चेहरा आज सकाळी वाकडा झाला, तर यातलं काहीही वाचत बसू नका. भुवया वर करायला सांगा. लुळ्या पडलेल्या बाजूच्या कपाळावरही आठी पडत नसेल, डोळा मिटत नसेल, तर बहुधा चेहऱ्याच्या नसेचा लकवा, बेल्स पाल्सी. ७२ तासांच्या आत स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर बरं होण्याची शक्यता वाढते, आणि उघडा राहणारा डोळा थेंब घालून, रात्री पट्टी लावून सांभाळायचा. कपाळावर आठ्या नीट पडताहेत पण तोंड वाकडं, हातात जोर नाही, जीभ जड, तर तो मेंदूचा झटका. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'वारं गेलं' म्हणून तेल चोळण्यात किंवा मांत्रिकाकडे ते तास घालवू नयेत. हळूहळू वाढणारी गाठ, गालाला किंवा ओठाला आलेली बधिरता, कारण नसताना हलणारे दात यांनाही वाट बघायची नसते. आठवड्याच्या आत दाखवा.

आता तुझी यादी. सोबत न्यायचं: दहावीचं हॉलतिकीट, बारावीचं, कॉलेजच्या तिन्ही वर्षांची ओळखपत्रं, आधार कार्ड काढलं तेव्हाचा फोटो, ताईच्या किंवा मैत्रिणीच्या लग्नातला समोरून काढलेला एखादा. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने साल लिही. स्टुडिओतल्या फोटोंची मूळ फाइल फोटोग्राफरकडून मागून घे, पण त्याने चेहऱ्यावर हात फिरवायच्या आधीची, नाहीतर तो भला माणूस हनुवटी सरळ करून देईल आणि आपल्याला काहीच कळणार नाही. गरोदरपणाची शक्यता असेल तर स्कॅनआधी सांगायचं असतं, तुला लागू नाही तरी वाचणाऱ्यांसाठी लिहिते. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुझं ऑपरेशन बसतं का ते योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचार. कागदांवर 'चावता येत नाही, दातांचा चावा बिघडला आहे' हे डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेलं असू दे, कारण केवळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचारांचे पैसे विमेवाले सहसा देत नाहीत.

स्कॅन झालाच तर दोन्ही बाजूंचे आकडे मला पत्राने कळव. पुढच्या महिन्यातली फिलरची तारीख आजच फोन करून रद्द कर.